परदेशातले डोहाळे

परदेशात पहिले तीन-चार दिवस घरच्या जेवणाची आठवणही येत नाही. ब्रेड, चीज, भाजलेले बटाटे, सगळं हौसेनं खाऊन होतं. पाचव्या दिवशी मात्र पोट भरलेलं असूनही जेवल्यासारखं वाटत नाही. व्हिएन्नातल्या हॉटेलात अशाच एका संध्याकाळी माझ्या बहिणीनं दुकानातून आणलेल्या तयार भातावर दोन चमचे मेतकूट घातलं, तूप नव्हतं म्हणून लोण्याची वडी ठेवली आणि कालवायला घेतलं. पहिल्या घासाला आम्ही दोघी बोलायच्या थांबलो.

दुपारी तर भरपेट जेवलो होतो. मग ही भूक कसली? लोक हिला जिभेचे चोचले म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं.

फिलाडेल्फियातली मोनेल ही संस्था चव आणि वास यांचाच अभ्यास करते. तिथल्या मार्शा पेलशॅट यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना काही दिवस पोषणात काहीच कमी नसलेला, पण एकाच चवीचा आहार दिला. तरुणांना वेगवेगळ्या पदार्थांचे डोहाळे लागले. म्हणजे शरीराला काही कमी पडलेलं नसतानाही मन अडून बसतं. पुढे २००४ मध्ये त्यांनी अशाच आहारावरच्या लोकांना आवडत्या पदार्थाची कल्पना करायला सांगून मेंदूची चित्रं घेतली. त्यात जे भाग जागे झाले, त्यांत हिप्पोकॅम्पस होता. नव्या आठवणी तयार होण्यात या भागाचा मोठा वाटा असतो.

आठवण आणि जेवण यांची गाठ नाकात पडते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूम यांतली रसरशीत चव) एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण ‘चव’ म्हणतो तो बराचसा वास असतो. घास चावताना सुटलेला वास घशाच्या मागून नाकात चढतो. नाक चिमटीत धरून चार जिरे चावा आणि मग नाक सोडा, लगेच पटेल. डोळ्यांचे, कानांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर थांबतात. वासाचा संदेश मात्र तिथे न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जातो. म्हणून फोटो बघून घर आठवतं आणि हिंगाच्या वासानं गळा दाटून येतो.

ही ओळख जन्माच्याही आधीची असते. मोनेलमध्येच ज्युली मेनेला यांनी काही गर्भवतींना शेवटच्या तीन महिन्यांत नियमित गाजराचा रस प्यायला दिला. त्यांची बाळं वरचं खायला लागली तेव्हा गाजराच्या चवीची पेज त्यांनी इतर बाळांपेक्षा राजीखुशीनं खाल्ली. २००१ सालचा हा अभ्यास. आईच्या जेवणातले स्वाद गर्भजलात आणि पुढे दुधातही उतरतात. आपली आई फोडणीचं वरण जेवत होती, तेव्हापासून आपली शिकवणी सुरू होती.

आणि वासाला लागतं तरी किती! मेतकुटात भाजलेल्या डाळी, तांदूळ, गहू, धने, जिरे, मेथी, सुंठ, हिंग असा मोठा गोतावळा असतो. त्यातलं हिंग चिमूटभरच, पण त्यातली गंधकाची संयुगं अख्ख्या ताटावर पसरतात. आंबेमोहोर भाताचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. त्याच्या वासामागे २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन हे संयुग असतं. एक कोटी लिटर पाण्यात ते एक ग्रॅम मिसळलं, तरी माणसाच्या नाकाला कळू शकतं. प्रवासात घरचं जेवण सोबत नेता येत नाही, पण त्याचा वास दोन चमच्यांत मावतो. म्हणून माझ्या बॅगेत आता खाकऱ्यांची चळत नसते. मेतकुटाची एक पुडी असते आणि तीन पिशव्यांत गुंडाळलेली हिंगाची डबी.

हेच संयुग थायलंडच्या जास्मिन तांदळात आहे आणि तिथल्या स्वयंपाकात घालतात त्या पांडान नावाच्या वनस्पतीच्या पानातही. बँकॉकमध्ये गरम भाताचं झाकण उघडलं की पहिल्या वाफेत मावळातल्या स्वयंपाकघराची झुळूक येते.