सोलर गाडीचा इलेक्ट्रिकल माल घेण्यापूर्वी: विद्यार्थी टीमसाठी माहितीपत्रक

स्पर्धेची सोलर गाडी बांधणाऱ्या कॉलेजच्या टीम आमच्या दुकानात यादी घेऊन येतात. यादीत वरच कुठेतरी लिहिलेले असते, 'एमसीबी, ६३ अँपिअर, १ नग'. एमसीबी म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. ती ओळ दिसली की आम्ही माल काढायचे थांबवतो आणि आधी बोलून घेतो. तेच बोलणे इथे छापले आहे, म्हणजे यादी करतानाच ते हाताशी राहील.

घरातली वीज एसी. तिचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि स्विच उघडताना पडलेली ठिणगी त्या शून्याला विझते. बॅटरी आणि पॅनेलचा प्रवाह डीसी, तो शून्यावर येतच नाही. संपर्क एकमेकांपासून सुटले तरी मधल्या हवेतून आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी, जळत राहते आणि एमसीबीचे प्लास्टिक वितळते. पुण्याच्या तापकीर गल्लीत कुठेही मिळणारा २४० व्होल्ट एसीचा एमसीबी १०० व्होल्ट डीसीला सहज पुरेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो. वस्तूवर डीसी व्होल्टेज छापलेले नसेल तर ती मुख्य लाइनला लावू नका. फ्यूजलाही हाच नियम. मोटारीत असतात ते पात्यांचे साधे फ्यूज ३२ व्होल्टपर्यंतचे. ते दिवे, हॉर्न यांच्या १२ व्होल्टच्या बाजूला ठीक.

व्होल्टेज सांगताना पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरी पॅकचे सांगा. लिथियम-आयनचे २६ सेल सिरीजमध्ये जोडले की सगळे त्याला '९६ व्होल्टचा पॅक' म्हणतात. पण प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणजे पॅक १०९ व्होल्टवर जातो. १०० व्होल्टची वस्तू तिथे कमी पडते.

आता प्रीचार्ज, म्हणजे मुख्य स्विच लावण्याआधी कंट्रोलरचे कपॅसिटर रेझिस्टरमधून हळू भरून घेणे. यादीतून सर्वांत जास्त वेळा हाच राहून जातो आणि सर्वांत महाग नुकसानही यानेच होते. मोटर कंट्रोलरच्या आत वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना मुख्य कॉन्टॅक्टर (कॉइलच्या विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) थेट बसला, तर पहिल्या क्षणी ते शॉर्ट असल्यासारखेच वागतात. पॅक आणि वायर मिळून रोध ०.०५ ओहम धरला, तर १०९ व्होल्टला सुमारे २२०० अँपिअरचा झटका बसतो. कॉन्टॅक्टरचे संपर्क जागीच वेल्ड होतात. एका टीमने असा कॉन्टॅक्टर आमच्याकडे आणला होता. कॉइलची वीज काढली तरी तो उघडत नव्हता. इमर्जन्सी बटण दाबून ज्याने गाडी बंद करायची, तोच उघडेना, हे पाहून आमच्याही पोटात गोळा आला.

उपाय स्वस्त आहे: १०० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर आणि एक छोटा डीसी रिले. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा असेल तर अर्ध्या सेकंदात तो जवळजवळ पूर्ण भरतो आणि सुरुवातीचा प्रवाह एक अँपिअरच्या आसपास राहतो. पॅक आणि कंट्रोलर या दोन्ही बाजूंचे व्होल्टेज जुळले की मगच मुख्य कॉन्टॅक्टर ओढा. 'रेझिस्टर जळाला' म्हणून जे परत येतात, त्यांच्याकडे बहुधा डीसी-डीसी कन्व्हर्टर (पॅकच्या व्होल्टेजचे १२ व्होल्ट करणारा) कंट्रोलरच्याच बाजूला जोडलेला निघतो. तो प्रवाह खेचत राहतो, कपॅसिटर भरत नाही आणि रेझिस्टर तापत राहतो.

कॉन्टॅक्टरवर प्लस-मायनसची खूण आहे का ते बघा. आर्क बाजूला ढकलायला आत चुंबक असतात; वायर उलट्या लावल्या तर काही कॉन्टॅक्टरची प्रवाह तोडण्याची ताकद घटते. ब्रेक लावताना मोटर बॅटरीत वीज परत पाठवणार असेल तर तेही आम्हाला सांगा. मग दोन्ही दिशांना चालणारा कॉन्टॅक्टर देता येतो.

सोलर गाडीची म्हणून एक वेगळी अडचण आहे: सूर्याला स्विच नाही. उन्हात बॅटरीचा कॉन्टॅक्टर उघडला आणि एमपीपीटी (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारा कंट्रोलर) मात्र चालूच राहिला, तर पॅनेलची वीज जाणार कुठे? मोटर कंट्रोलरच्या कपॅसिटरवर व्होल्टेज चढत जाते आणि तो कंट्रोलर जाऊ शकतो. म्हणून इमर्जन्सीच्या लाल बटणाने बॅटरी आणि एमपीपीटी दोन्ही सुटली पाहिजेत. पॅनेलवर काम करताना त्यावर जाड, उजेड न जाणारे कापड टाका. प्रवाह चालू असताना पॅनेलचा कनेक्टर ओढू नका.

हे सगळे नवशिक्यांसाठीच आहे असे समजू नका. ऑस्ट्रेलियात डार्विन ते अ‍ॅडलेड या सोलर गाड्यांच्या सुमारे ३००० किलोमीटरच्या शर्यतीत २०१९ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांची गाडी सर्वांच्या पुढे होती. ती टीम ही शर्यत अनेकदा जिंकलेली. शेवटच्या दिवशी ती गाडी पेटली. चालक सुखरूप बाहेर पडला, हे महत्त्वाचे.

जाड वायरचे लग (टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) सोल्डर करू नका. सोल्डर तारांमध्ये शिरते, तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. पकडीने चेपलेला लगही नको. योग्य मापाच्या डायने (साच्याने) क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा. हायड्रॉलिक टूल आमच्याकडे आहे. वायर मापून आणलीत तर समोर क्रिम्प करून देऊ. मुख्य फ्यूज पॅकच्या अगदी जवळ बसवा, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरला कोणीच राखत नाही.

दुकानात येताना सेलची डेटाशीट, कंट्रोलरचे मॅन्युअल, स्पर्धेच्या नियमांतली इलेक्ट्रिकलची पाने आणि वायरिंगचे चित्र आणा. चित्र वहीत पेन्सिलने काढलेले असले तरी चालेल.