खऱ्या नावाची सक्ती, आंतरजालावरील (दक्षिण कोरिया)

संकेतस्थळावर मजकूर वा प्रतिक्रिया लिहिण्यापूर्वी लिहिणाऱ्याची ओळख अधिकृत नोंदींशी ताडून पाहण्याचे कायदेशीर बंधन. असे बंधन देशभर लागू होऊन पुढे न्यायालयाने रद्द केल्याचे सर्वांत परिचित उदाहरण दक्षिण कोरियाचे (२००७–१२) असून प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यासंबंधी आहे. कायद्यातील तिचे नाव ‘मर्यादित ओळख पडताळणी’ असे होते. वाचकांना लिहिणाऱ्याचे टोपणनावच दिसे. खरी ओळख संकेतस्थळाच्या दप्तरी राही. मजकूर काढून टाकल्यानंतरही ती नोंद सहा महिने जपून ठेवणे चालकांवर बंधनकारक होते.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. लोकप्रिय लिखाणात २००५ मधील एका घटनेकडे बोट दाखवले जाते. सोलच्या भुयारी रेल्वेत एका तरुणीने आपल्या कुत्र्याची विष्ठा साफ केली नाही. तिचे छायाचित्र पसरले, लोकांनी तिची ओळख शोधून काढली आणि तिची जाहीर छी-थू झाली. मात्र निवडणूक कायद्यात दुरुस्ती करून प्रचारकाळात वृत्त-संकेतस्थळांवर खऱ्या नावाची अट घालण्यात आली ती २००४ मध्ये, म्हणजे या घटनेच्या आधी. त्यामुळे या प्रकरणाने आधीच रुळलेल्या विचाराला गती दिली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. शिवाय त्या तरुणीची ओळख उघडी पडल्यानेच तिचा छळ झाला होता, हे ओळख-सक्तीचा पुरस्कार करताना फारसे कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही.

जुलै २००७ पासून रोज ३ लाखांहून अधिक वापरकर्ते असलेली मोठी संकेतस्थळे आणि २ लाखांहून अधिक वाचक असलेली वृत्त-संकेतस्थळे या कायद्याच्या कक्षेत आली. ऑक्टोबर २००८ मध्ये अभिनेत्री चोई जिन-सिल यांनी आत्महत्या केली. त्यांच्याविषयी आंतरजालावर पसरलेल्या अफवांची त्यावेळी मोठी चर्चा झाली आणि कायदा कडक करण्याची मागणी वाढली. २००९ मध्ये ही मर्यादा सरसकट १ लाखावर आली. यूट्यूबने ओळख पडताळण्याऐवजी कोरियापुरती चित्रफिती चढवण्याची व प्रतिक्रियांची सोयच बंद केली. खात्यातील देश बदलला की ती पूर्ववत चालू होई, त्यामुळे त्या बंदीला प्रत्यक्षात विशेष अर्थ उरला नाही.

पडताळणीचा आधार होता निवासी नोंदणी क्रमांक. जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाच्या कमांडोंनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर केलेल्या हल्ल्याच्या प्रयत्नानंतर, हेरांना नागरिकांपासून वेगळे ओळखता यावे या हेतूने हा क्रमांक सुरू झाला. १९७५ पासून तो १३ अंकी आहे. पहिले सहा अंक जन्मतारखेचे, सातवा लिंग व शतक दर्शवणारा, पुढचे चार नोंदणीच्या ठिकाणाचे, बारावा अनुक्रमाचा आणि तेरावा तपासणी अंक, अशी त्याची जुनी रचना. तपासणी अंक काढण्यासाठी पहिल्या बारा अंकांना अनुक्रमे २ ते ९ व पुन्हा २ ते ५ यांनी गुणून बेरीज करतात, तिला ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा करतात आणि येणाऱ्या संख्येतील एकक स्थानचा अंक घेतात. हे गणित शाळकरी मुलालाही जमण्यासारखे असल्याने नियमात बसणारे खोटे क्रमांक तयार करणारे छोटे प्रोग्रॅम सर्रास फिरत. त्यावर उपाय म्हणून संकेतस्थळे नाव आणि क्रमांक यांची जोडी पतमाहिती संस्थांकडून पडताळून घेऊ लागली. मग खोट्या क्रमांकांऐवजी चोरलेल्या खऱ्या जोड्यांना भाव आला. क्रमांकातच जन्मतारीख आणि लिंग असल्याने चोरी झाली की ही माहितीही जाई आणि क्रमांक बदलून घेण्याची सोय त्या काळी जवळपास नव्हती. (भारतातील आधारच्या १२ अंकांत अशी वैयक्तिक माहिती गुंफलेली नाही.) ऑक्टोबर २०२० पासून नव्या कोरियन क्रमांकांतील ठिकाणदर्शक अंक वगळण्यात आले.

जुलै २०११ मध्ये ‘नेट’ (Nate) हे संकेतस्थळ व सायवर्ल्ड हे समाजमाध्यम या कोरियन सेवांच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी होऊन सुमारे ३·५ कोटी सदस्यांची माहिती चोरीस गेली. देशाची लोकसंख्या त्यावेळी ५ कोटींच्या आसपास होती. २३ ऑगस्ट २०१२ रोजी घटना न्यायालयाने ही तरतूद एकमताने घटनाबाह्य ठरवली. बेकायदा मजकूर लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, वापरकर्ते परदेशी सेवांकडे वळले, क्रमांक नसलेल्या परदेशी नागरिकांना लिहिता येत नाही आणि साठवलेल्या माहितीला गळतीचा धोका आहे, अशी कारणे निकालात येतात. शिवीगाळीवरील परिणामाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींना मर्यादित घट आढळते. नियामकाच्या स्वतःच्या पाहणीत मात्र पहिल्या वर्षी दुष्ट प्रतिक्रियांचे प्रमाण जेमतेम एका टक्क्याने उतरले. उपलब्ध पुराव्याचा कल न्यायालयाच्या निष्कर्षाकडे अधिक झुकतो.

निवडणूक कायद्यातील सक्ती मागे राहिली होती. तीही जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाली.

चीनने याच काळात उलट वाट धरली. २०१२ मध्ये वेईबो या चिनी समाजमाध्यमावर व २०१७ च्या सायबर सुरक्षा कायद्याने सर्वत्र ओळख नोंदणी आवश्यक झाली. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ५० लाखांहून अधिक सदस्य असलेल्या समाजमाध्यमांना पडताळणीची सोय देण्यास सांगितले. वापरकर्त्यास ती ऐच्छिक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना झालेली अटक या संदर्भात नोंदण्यासारखी आहे, कारण त्या स्वतःच्याच नावाने वावरत होत्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलमाखाली (६६ अ) त्यांच्यावर कारवाई झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले.

अलीकडे या वादाचे केंद्र वयाच्या पडताळणीकडे सरकले आहे. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून अश्लील मजकुरासाठी वयतपासणी सक्तीची झाली. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. नाव न सांगता केवळ वयाची अट पूर्ण होते एवढेच सिद्ध करण्याच्या गूढलेखन पद्धतींचा सैद्धांतिक पाया १९८० च्या दशकातच घातला गेला होता. त्यांचा सार्वजनिक वापर अद्याप प्राथमिक अवस्थेत आहे. खुद्द कोरियात नोंदणी क्रमांक गोळा करण्यास आता सामान्यतः मनाई असून ओळख पटवण्याचे काम बहुतांशी मोबाइल कंपन्यांकडे गेले आहे.