शंकूबाहेरचा मराठवाडा

वादळाच्या नकाशासोबत दरवेळी एक मेसेज फिरतो: "नांदेड, लातूर शंकूच्या बाहेर आहेत, आपल्याला धोका नाही."

नकाशातला शंकू, म्हणजे वादळाच्या पुढच्या वाटेभोवती काढलेला रुंदावत जाणारा पट्टा, वादळाचा आकार दाखवत नाही. वादळाचं केंद्र कुठून कुठपर्यंत असू शकेल, एवढंच तो सांगतो. मागच्या वर्षांत अंदाज जितके चुकले, त्यावरून त्याची रुंदी ठरते; म्हणून तो पुढे पुढे पसरत जातो. केंद्र कधीकधी शंकूबाहेरही जातं, आणि पाऊस तर केंद्रापासून शेकडो किलोमीटर पडतो.

आंध्रच्या किनाऱ्यावर चढलेल्या वादळाचा समुद्राकडून येणारा ओलावा कमी होतो, वारा मंदावतो. ताशी ६२ किलोमीटरच्या खाली आला की 'चक्रीवादळ' हे नावही जातं. पण उरलेलं कमी दाबाचं क्षेत्र तेलंगणातून आपल्याकडे सरकलं, तर धो-धो पाऊस देऊ शकतं. आपल्यासाठी खरी काळजी हीच.

स्वतः पडताळून पाहा. काल सकाळी साडेआठच्या स्थितीवरच्या हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये आजचं केंद्र कोणत्या अक्षांश-रेखांशावर सांगितलं होतं ते लिहून ठेवा, आजच्या बुलेटिनशी ताडा. अक्षांशात एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. अर्ध्या अंशाची चूक झाली तरी पाऊस हिंगोलीऐवजी नांदेडात पडू शकतो.

त्यामुळे शंकू बाजूला ठेवून जिल्ह्याचा पावसाचा इशारा बघा. कापलेलं सोयाबीन उंचवट्यावर गंजी लावून ताडपत्रीने झाका, भोवती चर काढा. खालचा थर भिजला की शेंगेतच कोंब फुटतात. ओढ्यातली मोटर उजेड असतानाच वर काढा.