गळकी टाकी आणि पेट्रोल कॉक : पार्श्वभूमी

"भाऊ, कॉक बदलवून दे ना, पेट्रोल टपकून रायलं." यवतमाळ जिल्ह्यात वणी, आर्णी, घाटंजीकडच्या कुठल्याही गॅरेजात पावसाळ्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. थेंब कॉकवरून पडताना दिसतो, म्हणून दोष कॉकवर. पण कॉक, म्हणजे पेट्रोल सोडायची-बंद करायची तोटी, टाकीच्या अगदी खालच्या भागात असतो. वर कुठेही बारीक भोक पडलं तरी पेट्रोल पत्र्यावरून ओघळत बरेचदा त्याच्याच टोकाशी येऊन लोंबतं. पैसे उगाच जाऊ नयेत यासाठी टाकी आणि कॉक हे दोन्ही आधी समजून घ्यावेत.

मोटारसायकलची टाकी म्हणजे दाबून घडवलेले पत्र्याचे भाग, कडेने वेल्डिंग करून जोडलेले. गाडीच्या चौकटीवर ती खोगिरासारखी बसते. त्यामुळे तळ मधून उचललेला आणि दोन्ही बाजूंना खोलगट. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते याच खोलगट जागी आणि शिवणीत जाऊन बसतं. टाकी आतून गंजते. बाहेर फक्त रंगाला फोड आलेला दिसतो, आणि तो फुटेपर्यंत आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झालेला असतो.

पाणी येतं कुठून? पावसात उभ्या गाडीच्या झाकणातून थोडं येतंच. बाकीचं हवेतून येतं. झाकणाला श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं, आणि टाकी जितकी रिकामी तितकी आत दमट हवा जास्त. दिवसा तापलेली टाकी रात्री गार झाली की त्या हवेतली वाफ पत्र्यावर जमते. आपल्याकडे पेट्रोल पन्नास-शंभर रुपयांचं टाकायची रीत. पंप दूर, आणि हातात पैसा कापूस निघाल्यावर. टाकी बहुधा अर्धीही भरलेली नसते. माझ्या मते इथल्या टाक्या गंजण्यामागे हे कारण पावसाइतकंच मोठं आहे.

1960च्या दशकातली एस्कॉर्ट्सची राजदूत आणि म्हैसूरची जावा ही टू-स्ट्रोक इंजिनं. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, त्याचा पातळ थर टाकीच्या पत्र्यावर राहायचा आणि गंजाला थोडी आडकाठी व्हायची. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक, साधं पेट्रोल पिणारी. पेट्रोलचा खर्च वाचला, पण तेलाचं ते पांघरूण गेलं.

कॉकचं कूळ मोटारसायकलपेक्षा जुनं. वाफेच्या इंजिनांवर पाणी सोडायला असेच छोटे तोटीवजा कॉक असत. मोटारसायकलीत टाकी वर आणि कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग, खाली, म्हणून पेट्रोल आपल्या वजनानेच उतरतं. ते अडवायला काहीतरी हवंच. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या कॉकमध्ये बुचाच्या लाकडाचं सील असे. ते भिजलेलं असलं की फुगून घट्ट बसायचं, टाकी कोरडी पडली की आकसून गळायचं. पुढे रबर आलं: चार भोकांची चकती, तिच्यावर फिरणारी मूठ, आणि मूठ दाबून धरणारा लाटेसारखा वळवलेला वायसर.

खरी हुशारी आतल्या नळीत आहे. 'ऑन'ला पेट्रोल उंच उभ्या नळीच्या टोकातून येतं, 'रिझर्व्ह'ला बुडाच्या छिद्रातून. पेट्रोलचा काटा नसलेल्या गाडीत इंजिन फटफट करत दम तोडू लागलं की मूठ फिरवायची आणि उरलेल्या लिटर-दीड लिटरवर गाव गाठायचं. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांची ही शिल्लकही जाते, आणि तळाचं पाणी नि गंज थेट कॉकच्या जाळीवर येतो.

दुरुस्तीची कला इथे गॅरेजच्या आधीपासून होती. घागरींना डाग, म्हणजे झाळ, देणारे, स्टोव्ह आणि पेट्रोमॅक्स दुरुस्त करणारे, फवारणीचे पितळी पंप झाळणारे हात टाकीकडे वळले. जागा चकचकीत घासायची, जस्त विरघळवलेलं ॲसिड लावायचं, तांब्याच्या तापल्या डागणीने कथील-शिसं ओढायचं. गंजलेल्या पत्र्यावर डाग धरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वाटेत साबण घासतात तो फक्त तालुक्यापर्यंत पोचण्यापुरता. एम-सीलही गंजावर फार टिकत नाही.

डाग देताना रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की ठिणगी पुरते. कितीही दिवस उन्हात वाळवली तरी गंजाच्या पापुद्र्यांत पेट्रोल राहतं. म्हणून जाणता कारागीर टाकी आतून धुतो, मग डागाची जागा वर धरून तिच्या जरा खालपर्यंत पाणी भरतो. हे न करणाऱ्याकडे टाकी देऊच नये.

2020च्या एप्रिलपासून धुराचे बीएस-6 हे कडक निकष आले, बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं, पंप टाकीच्या पोटात गेला आणि कॉक नाहीसा झाला. जुन्या गाड्या मात्र शेतावर रोज धावतात. पेट्रोलमधलं इथेनॉल 2022 मध्ये 10 टक्के झालं, 2025 मध्ये 20. ते पाणी ओढून घेतं, आणि जुनं रबर त्याने फुगतं. आज कॉक गळतो तो बहुधा त्या चार भोकांच्या चकतीमुळे. ती काही रुपयांत मिळते. अख्खा कॉक टाकायचं कारण नाही.

गळती टाकीची की कॉकची, हे पाहायला एक रात्र पुरते. गाडी घरापासून आणि चुलीपासून दूर, उघड्यावर लावा. टाकीचा तळ नि कॉक फडक्याने कोरडा करून खडूची पूड चोळा, कॉक बंद करा. सकाळी पुडीवर ओली रेघ उठलेली असते. ती जिथून सुरू होते, तिथे गळती.