रेझिन ड्राइव्हवे : टिकाऊपणा आणि देखभाल

गेटपासून पोर्चपर्यंत गाडी आत घ्यायची जी वाट असते, तिच्यावर सिमेंट किंवा डांबराऐवजी रेझिनने, म्हणजे कालवल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, धरून ठेवलेल्या बारीक खडीचा थर दिला की त्याला रेझिन ड्राइव्हवे म्हणतात. याचे प्रकार दोन आहेत आणि बोलताना लोक दोन्ही एकच धरतात. पहिल्यात खडी आणि रेझिन मिक्सरमध्ये कालवून थापीने सपाट करतात, थर साधारण १५ ते १८ मिमी, खड्यांमध्ये पोकळी राहते म्हणून पाणी आरपार खाली मुरतं. दुसऱ्यात आधी रेझिन पसरायचं आणि वरून खडी विखरायची, त्यातून पाणी मुरत नाही आणि वरचे खडे टायरखाली हळूहळू सुटत जातात. पुढचं सगळं मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

उगमाबद्दल मतं वेगळी आहेत. काहीजण सुरुवात इपॉक्सी या जातीच्या रेझिनपासून धरतात, आणि तिथेही श्रेय कुणाचं हा वाद आहेच. जर्मनीतल्या पॉल श्लाकचं काम १९३४ च्या सुमाराचं, स्वित्झर्लंडच्या पिएर कास्तानचं त्याच दशकाच्या उत्तरार्धातलं, अमेरिकेतल्या सिल्व्हन ग्रीनलीचं त्याच्या नंतरचं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या धोक्याच्या चौकांत गाडी घसरू नये म्हणून इपॉक्सीवर कॅल्साइंड बॉक्साइट, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बॉक्साइटचे कठीण कण, पसरायला लागले, हा धागा विखुरलेल्या खडीच्या प्रकाराला नीट जुळतो. पण आज थापीने लावतात तो थर जवळजवळ सगळा पॉलियुरेथेन या दुसऱ्या जातीच्या रेझिनचा असतो, त्यामुळे त्याचं मूळ जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो बायरच्या १९३७ च्या पॉलियुरेथेनमध्ये शोधणं जास्त सयुक्तिक वाटतं. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २००८ पासून घरासमोरची ५ चौरस मीटरपेक्षा मोठी जागा पाणी न मुरणाऱ्या थराने झाकायची तर परवानगी लागायला लागली, आणि पाणी मुरवणाऱ्या या प्रकाराला तिथे चांगलंच बळ मिळालं.

कोल्हापुरात रेझिन हा शब्द ड्राइव्हवेच्या कितीतरी आधी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमधून आलाय. कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतकामात पोकळी राखणारे वाळूचे गाभे (कोअर) बनवतात तिथे, वाळू आणि दोन भागांचं रेझिन कालवतात. तत्त्व तेच : ड्राइव्हवेचं पॉलियुरेथेनही दोन भागांचं, त्यातला एक भाग आयसोसायनेट नावाचं रसायन, आणि फौंड्रीत फिनॉलिक युरेथेन जातीचं रेझिन असेल तर त्यातला दुसरा भागसुद्धा आयसोसायनेटच. वाळू ओली असली की कोअर कच्चा निघतो हे तिथल्या कुठल्याही कामगाराला विचारा. ड्राइव्हवेचं आयुष्यही इथेच ठरतं. आयसोसायनेटला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, रेझिन फुगतं, खड्यांच्या सांध्यात पांढरट फेस दिसतो, आणि असा भाग नखाने खरवडला तरी खडे हातात येतात. म्हणून खडी भट्टीत सुकवलेली, पिशवीबंद लागते, साधारण १०० किलो खडीला ७ ते ८ किलो रेझिन. आपल्याकडची क्रशरची काळी खडी भुकटीने माखलेली आणि आतून दमट असते, मूठभर घेऊन दाबली की तळवा गार लागतो आणि काळा होतो, ती धुवून पूर्ण वाळवल्याशिवाय वापरूच नये. वळीव कधीही येतो आणि मृगानंतर तर हवाच ओली, तेव्हा काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकलेलं बरं. एप्रिल-मेच्या उन्हात रेझिन इतक्या लवकर आवळतं की थापी फिरवायलाच वेळ मिळत नाही.

रंगाचा प्रश्न वेगळा. पॉलियुरेथेनमध्येही दोन जाती आहेत : अॅरोमॅटिक रेझिन स्वस्त पडतं पण उन्हात पिवळं-तपकिरी होतं, अॅलिफॅटिकचा रंग टिकतो. गडद खडीवर पिवळेपणा कमी दिसतो म्हणून काहीजण स्वस्तातलं चालवून घेतात, ते चूक म्हणता येत नाही.

आयुष्य १५ ते २५ वर्षं सांगतात, पण हा आकडा इंग्लंडच्या हवेतला आणि चांगल्या पायावरचा आहे. पाया हलला की वरचा थर तडकणारच, रेझिन कितीही भारी असू दे. काळ्या मातीवर घर असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा माती काढून खडीचा भराव आणि वर पाणी सोडणारं डांबर हे करावंच लागतं, जुन्या तडकलेल्या कोब्यावर थेट थर दिला तर खालची भेग काही दिवसांनी जशीच्या तशी वर येते.

देखभाल तशी थोडीच, पण नियमित. कडक झाडूने झाडणं, पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याने धुणं. सावलीत शेवाळ धरतं, ते ब्रशने काढावं, तारेच्या ब्रशने नको. प्रेशर पंप असेल तर नोझल लांब धरावा, जवळून मारला तर खडे उडतात. पेट्रोल, डिझेल, ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पुसावं, साचून राहिलं की रेझिन मऊ पडतं. नवीन थरावर उभ्या गाडीचं स्टेअरिंग जागेवर फिरवू नये. पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ ला शहरात शिरलं तसं पुन्हा शिरलं तर गाळ ओला असतानाच धुवून काढावा, वाळला की तो पोकळ्यांत घट्ट बसतो आणि मग पाणी मुरणं बंद. मुरतंय का ते बघायला बादलीभर पाणी ओतायचं, डबकं न होता ते नाहीसं झालं पाहिजे.

खड्डा पडला तर तेवढाच तुकडा चौकोनी कापून नव्याने भरता येतो. जुना भाग उन्हाने फिकट झालेला असतो त्यामुळे ठिगळ दिसतंच, पण निदान खडी तरी जुळावी म्हणून कामातून उरलेली एखादी पिशवी कोरड्या जागी ठेवून द्यावी.