टेलोमिअर आणि कर्करोग

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या दोन्ही टोकांचा डीएनए. त्यात एकच छोटा क्रम सलग पुन्हापुन्हा येतो. माणसात हा क्रम टीटीएजीजीजी असा सहा अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक घटक) असून जन्माच्या वेळी टेलोमिअर साधारण १० ते १५ हजार अक्षरे लांब असते. नागपुरात बर्डीच्या बाजारातून साडी आणली की ती आधी पिको-फॉलला टाकतात, कारण कड मोकळी राहिली तर धागे निघत जातात. टेलोमिअर हा गुणसूत्राचा पिको. पण हा पिको दर पेशीविभाजनात थोडा झिजतो. डीएनएची नक्कल अगदी टोकापर्यंत होत नाही, त्यामुळे प्रत्येक खेपेला सुमारे ५० ते १०० अक्षरे गळतात. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत ४० ते ६० विभाजनांनंतर थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले. थांबण्याचे हे कारण पुढे उलगडले.

ही झीज एका अर्थी कर्करोगावरचा लगामच आहे. बिघडलेली पेशीही ठरावीक विभाजनांनंतर थांबते. मात्र पी५३ सारखी पहारेकरी जनुके निकामी झाली तर ती थांबत नाही. पिको पूर्ण उसवतो, उघडी टोके एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या विभाजनात जोडलेली गुणसूत्रे ओढली जाऊन भलत्याच ठिकाणी तुटतात. बहुतेक पेशी या गोंधळात मरतात. एखादी वाचते, ती टोके पुन्हा वाढवणारे टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) पुन्हा सुरू करून. कॅरोल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी हे विकर १९८४ मध्ये एका गोड्या पाण्यातील एकपेशीय जीवात शोधले. २००९ चे नोबेल त्यांना जॅक शोस्टाक यांच्यासह मिळाले. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत टेलोमरेज सक्रिय आढळते. काही हाडांच्या आणि मेंदूच्या गाठी विकराशिवायच, एका टेलोमिअरवरून दुसऱ्याची नक्कल करून टोके वाढवतात. म्हणजे झीज आधी घोळ घालते आणि दुरुस्ती तो घोळ अमर करते. दोन्ही टप्पे लक्षात घेतल्याशिवाय विषय कळत नाही.

नागपुरात हे बोलायचे तर खर्रा टाळता येत नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळव्याने रगडून पुडी हातात देतात, ती गालात तासन्‌तास राहते. तिथल्या अस्तराला सतत इजा होते, त्यामुळे पेशी पुन्हापुन्हा विभागतात आणि पिको झिजत जातो. सुपारीने गालातली त्वचा ताठरते. उभी तीन बोटे तोंडात जात नाहीत, तिखट सोसत नाही. तोंडाच्या बहुतेक कर्करोगांत टेलोमरेज सक्रिय असते.

पसरण्याशी टेलोमिअरचा संबंध दोन बाजूंनी आहे. गालातून निघून मानेतल्या लसिका ग्रंथीत पोचलेल्या एका पेशीला तिथे नवी गाठ उभारायला पुष्कळ विभाजने लागतात. टोके राखणारी यंत्रणा नसेल तर ती वाढ मध्येच संपते. दुसरे म्हणजे गुणसूत्रे तुटल्याने डीएनए केंद्रकाबाहेर सांडतो. विषाणू आल्यासारखा इशारा पेशीत उठतो आणि काही कर्करोगपेशी तोच इशारा पसरण्यासाठी वापरतात, असे २०१८ मध्ये दिसून आले.

मग टेलोमिअर लांब ठेवले की झाले, असे वाटते. तारुण्य टिकवण्याच्या नावाखाली गोळ्या विकणारे हेच सांगतात. प्रत्यक्षात आनुवंशिकतेने लांब टेलोमिअर असलेल्यांना मेलानोमा (त्वचेचा), ग्लायोमा (मेंदूचा) असे काही कर्करोग होण्याची शक्यता जास्त असते.

टेलोमरेज रोखणारे इमेटेलस्टॅट हे औषध अमेरिकेत २०२४ मध्ये एका रक्तविकारातील रक्तक्षयासाठी मंजूर झाले. घन गाठींत, म्हणजे रक्ताच्या कर्करोगांखेरीज इतर अवयवांतल्या गाठींत, अडचण अशी की विकर बंद केले तरी टोके झिजायला बरीच विभाजने जावी लागतात, आणि तोवर गाठ वाढतच राहते. शिवाय रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींनाही हे विकर लागते. त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाची भिस्त आजही शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोवर आहे. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमात मात्र टेलोमरेजच्या जनुकाला चालू करणाऱ्या भागातला बदल निदानाच्या निकषांत आला आहे.