पुन्नमडा तलावावरील शर्यत : जिंकते कोण, नाव की वल्हेकरी?

केरळमधील सर्पनौकांच्या शर्यतींची रचना गेल्या दशकात दोनदा मुळापासून बदलली. आज त्यांच्या बक्षिसांवर, वल्हेकऱ्यांच्या निवडीवर आणि निकालांवर जे वाद होतात ते समजून घ्यायचे, तर आधी या शर्यती कोणाच्या होत्या हे पाहावे लागते.

सर्पनौकेचे स्थानिक नाव चुंडन वल्लम, म्हणजे चोचीसारख्या टोकदार नाळेची (पुढच्या टोकाची) नाव. ती केरळच्या पाणथळ कुट्टनाड भागातील गावांची सामाईक मालमत्ता असते. फणसाच्याच कुळातील आंजिली या झाडाच्या लाकडापासून घडवलेली ही नाव शंभर फुटांहून लांब असते आणि तिच्यात ऐंशी ते शंभर माणसे दोन-दोनच्या ओळीने बसून वल्हवतात. मध्यभागी उभी असलेली माणसे जाड लाकडी दांडा फळीवर आपटून ताल देतात. तो ठोका पडला की सगळी वल्ही एकदम पाण्यात जातात, आणि एका जरी माणसाची लय चुकली तरी मागच्याचे वल्हे त्याच्या वल्ह्यावर आदळते. वल्हवणारे एरवी शेतमजूर, मच्छीमार किंवा गवंडीकाम-रंगकाम करणारे असतात. सरावाच्या काळात ते रोजगार बुडवून वल्हेकऱ्यांच्या बोट क्लबच्या शिबिरात राहतात आणि त्यांच्या जेवणाखाण्यासाठी गाव वर्गणी काढते. हौशी खेळ या शब्दाचा इथला अर्थ हा आहे.

चंपाकुलमसारख्या ठिकाणच्या शर्यती देवस्थानांच्या उत्सवांशी जोडलेल्या होत्या आणि आजही आहेत. ‘स्पर्धा’ म्हणून या खेळाला सर्वांत मोठे व्यासपीठ मिळाले ते १९५२च्या डिसेंबरमध्ये. पंडित नेहरू अलप्पुळा (आलप्पी) येथे आले असता त्यांच्या स्वागतासाठी शर्यत ठेवण्यात आली, तीत नडुभागम ही नाव पहिली आली आणि नेहरू उत्साहाच्या भरात थेट त्या नावेत चढले. दिल्लीला परतल्यावर त्यांनी सर्पनौकेची चांदीची प्रतिकृती पाठवली. पुढे अलप्पुळा येथील पुन्नमडा तलावावरील या वार्षिक शर्यतीला नेहरू चषक हेच नाव मिळाले. दीर्घकाळ ती ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी होत असे.

जुनी पद्धत सोपी होती. प्राथमिक फेऱ्या व्हायच्या आणि फेरी जिंकणारी नाव अंतिम शर्यतीत जायची. त्यात चिठ्ठ्यांचा न्याय होता: दोन बलाढ्य नावा एकाच फेरीत आल्या, तर त्यांतली एक बाहेर पडायची आणि दुसऱ्या फेरीतून तिच्याहून संथ नाव पुढे जायची. हा अन्याय दूर करण्यासाठी २०१७ पासून फेरीतील विजयाऐवजी वेळ मोजून सर्वोत्तम चार नावा अंतिम फेरीत घेण्याचे ठरले. माझ्या मते हा बदल योग्यच होता. मात्र त्याची किंमतही आहे, कारण सकाळच्या शांत पाण्यात वल्हवणारा आणि वारा सुटल्यावर वल्हवणारा यांची वेळ एकाच मापाने मोजली जाते, आणि शेजारच्या नावेला मागे टाकण्याला पूर्वी जे मोल होते ते उरत नाही.

दुसरा बदल अधिक खोलवर गेला. राज्याच्या पर्यटन विभागाने आयपीएलच्या धर्तीवर चॅम्पियन्स बोट लीग आखली. २०१८च्या महापुरामुळे ती लांबली आणि २०१९च्या ३१ ऑगस्टला, त्याही वर्षीच्या पुरामुळे पुढे गेलेल्या नेहरू चषकाबरोबर, सचिन तेंडुलकर यांच्या उपस्थितीत सुरू झाली. नऊ संघ, बारा शर्यती, गुणतक्ता आणि एकूण विजेत्याला २५ लाख रुपये असे तिचे स्वरूप होते. वर्षातील एका दिवसासाठी राबणाऱ्या वल्हेकऱ्याला पूर्ण हंगाम मिळाला, ही तिची मोठी देणगी. परंतु गावाचे नाव मागे पडून संघांना ‘ट्रॉपिकल टायटन्स’सारखी नावे मिळाली, आणि पैसा वाढताच क्लब राज्याबाहेरून कसलेले वल्हेकरी आणू लागल्याने बाहेरच्यांच्या प्रमाणावर मर्यादा घालावी लागली. कोरोनाने लीगचे दोन हंगाम बुडाले. २०२४ मध्ये वायनाडच्या दरडींमुळे नेहरू चषक २८ सप्टेंबरवर गेला आणि लीग नोव्हेंबरमध्ये, तीही छोट्या स्वरूपात, सुरू झाली. पावसाळ्यावर आणि पुरावर चालणाऱ्या खेळाला दूरचित्रवाणीच्या सोयीचे ठरीव वेळापत्रक बसवणे किती कठीण आहे, हे या तारखांवरूनच दिसते.

नाव आणि वल्हेकरी यांच्यातील नातेही सैल झाले आहे. गावे नाव देतात, क्लब माणसे देतो. पल्लातुरुत्ती बोट क्लबने २०१८ ते २०२४ या काळात झालेले पाचही नेहरू चषक जिंकले, आणि पाचही वेळा नाव वेगळी होती: पायिप्पाड, नडुभागम, महादेविकाड काट्टिल तेक्केतिल, वीयपुरम आणि कारिचाल. यांपैकी शेवटचा विजय ४ मिनिटे २९.७८५ सेकंदांचा होता. दुसऱ्या नावेची वेळ ४ मिनिटे २९.७९० सेकंद होती, म्हणजे निकाल अवघ्या ०.००५ सेकंदाने लागला आणि त्यावरून मोठा वाद झाला. ती हरलेली नाव वीयपुरम होती. आदल्या वर्षी पल्लातुरुत्तीच्याच वल्हेकऱ्यांनी तिला चषक जिंकून दिला होता आणि आता तिच्यात कैनकरीचा व्हिलेज बोट क्लब बसला होता. २०२५ मध्ये त्याच क्लबने त्याच नावेतून चषक जिंकला.